हँडल मारण्याआधी

आमच्या मळ्यातलं इंजिन सुरू करायला दोन माणसं लागत. काका हँडल मारायचे आणि मी माथ्यावरचा लिव्हर धरून उभा असायचो. चाकानं वेग घेतला की काका "सोड!" म्हणून ओरडायचे. मी लिव्हर सोडला की इंजिन एकदा खोकायचं आणि मग दिवसभर एका लयीत चालायचं. लिस्टर जातीचं, मिनिटाला ६५० फेऱ्यांचं, विहिरीच्याच पाण्यावर थंड होणारं ते धूड इंग्लंडातल्या मूळ यंत्राबरहुकूम राजकोटला बनलं होतं. इंजिनावर ओझं आहे की पंपाचं पाणी सुटलं आहे, हे घरात जेवताना नुसत्या आवाजावरून कळायचं, आणि आवाज बदलला की काका हातातला घास खाली ठेवून उठायचे.

पुढे नोकरीनं मला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आणलं. तिथं एका शनिवारी शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या शेडमध्ये, पत्रे आणि लाकडं यांच्याखाली दबलेला एक ट्रॅक्टर दिसला. त्याची सीट माझ्या मांडीपेक्षा उंच नव्हती. रंग पावसानं धुऊन निघालेला, टायर बसलेले, इंजिन जाम. १९६५ सालचा जॉन डिअर ११०. "घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल," एवढंच ते म्हणाले. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून पातळ तेल सोडलं, आणि रोज संध्याकाळी फ्लायव्हील हातानं थोडं पुढे, थोडं मागे असं ढकलत राहिलो. एकविसाव्या दिवशी ते बोटभर हललं. त्यानंतर महिन्याभरानं पहिला बार उडाला, तेव्हा माझा उजवा हात आपोआप वर गेला होता, लिव्हर सोडायला. त्या इंजिनाला लिव्हर नव्हताच.

हे पुस्तक तिथून सुरू झालं.

हिरवळीची आणि परसबागेची जुनी यंत्रं शोधायची, उघडायची, पुन्हा चालती करायची, हा छंद मराठी वाचकाला अनोळखी वाटेल याची मला कल्पना आहे. आपल्याकडे अंगण सारवायचं असतं आणि गवत गुरांसाठी असतं. इंग्लंड-अमेरिकेत मात्र घराभोवतीची आखूड कापलेली हिरवळ हा घराच्या अब्रूचा भाग झाला, आणि ती राखण्यासाठी यंत्रांचं एक सबंध कुळ जन्माला आलं. त्यात ढकलायचे मोअर आहेत, वर बसून चालवायचे आहेत, माती भुसभुशीत करणारे टिलर आहेत, दोन चाकांचे चालते ट्रॅक्टर आहेत, बर्फ फेकणारी यंत्रं आहेत. आणि गार्डन ट्रॅक्टर आहेत. हे दिसायला खेळण्यासारखे असले तरी आत गिअरबॉक्स आणि ओतीव लोखंडाचं मागचं घर असतं, आणि मागे नांगर जोडला तर ते खरंच नांगरतात. या छंदात 'जुनं' म्हणजे ढोबळमानानं १९२० ते १९८० या काळातलं.

या कुळाचा मूळपुरुष एडविन बडिंग. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहिलेले तंतू समान कापायला तिथं पिळदार पात्यांचा फिरता रूळ वापरत. हाच रूळ जमिनीवर फिरवला तर गवतही कापडासारखं सारखं कापलं जाईल, हे बडिंगला सुचलं. १८३० साली त्यानं पेटंट घेतलं आणि जॉन फेराबीच्या कारखान्यात यंत्र बनू लागलं. दोन वर्षांत इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनं परवाना घेतला. त्याआधी हिरवळ कापायची ती लांब दांड्याच्या कोयत्यानं, पहाटे, गवतावर दंव असताना, कारण कोरडं गवत पात्याखाली वाकतं, तुटत नाही. मोठ्या हिरवळींसाठी पुढे यंत्राला घोडा जुंपू लागले आणि खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्याच्या पायांत चामड्याचे बूट घालत.

बडिंगचं पुढचं आयुष्य मला त्याच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. जबडा मागेपुढे करता येणारा पाना, जो आज प्रत्येक मिस्त्रीच्या पेटीत असतो, त्याचं श्रेय त्यालाही देतात. आणि नंतर तो शेजारच्या डर्स्ली गावी जाऊन जॉर्ज लिस्टर या कारखानदाराबरोबर लोकर पिंजायच्या यंत्रांवर काम करू लागला. त्या जॉर्जच्या मुलानं, रॉबर्ट ॲश्टन लिस्टरनं, १८६७ साली स्वतःची कंपनी काढली. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचं मूळ त्याच कंपनीचं. हे मला वयाच्या चाळिशीत, एक जुनं माहितीपत्रक चाळताना कळलं, आणि त्या रात्री मी काकांना फोन केला. जे दोन आवाज मी आयुष्यभर वेगळे समजत होतो, ते एकाच मुलखातून निघाले होते.

वाफेचंही असंच. १८९३ साली लँकेशायरमधल्या लेलँड गावच्या जेम्स समनरनं वाफेवर चालणाऱ्या मोअरचं पेटंट घेतलं. यंत्र जड होतं, वाफ धरायला वेळ लागे, म्हणून ते फार टिकलं नाही. पण समनर पुढे वाफेच्या गाड्यांकडे वळला. १८९६ साली त्यानं भागीदारीत काढलेली कंपनी लेलँड मोटर्स झाली, आणि तिचं नाव अशोक लेलँडच्या रूपानं आपल्या रस्त्यांवर आलं.

रॅन्सम्सनं १९०२ साली पेट्रोलवरचा मोअर विकायला काढला आणि १९२१ साली बर्मिंगहॅमहून ॲटको आला. ॲटकोपासून मोटर मोअर मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येऊ लागला, म्हणून ब्रिटिश संग्राहकांत त्याचं स्थान वेगळं आहे. ब्रिटिश यंत्राचा जीव रुळात आहे. पिळदार पातं आणि खालचं स्थिर पातं यांच्यात कागद धरला तर तो कात्रीसारखा कापला गेला पाहिजे. ते जुळवणं ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि ती कानानं शिकायची असते.

अमेरिकेतली वाट भाजीच्या वाफ्यातून निघाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबार गावी बेंजामिन ग्रेव्हली हा फोटोग्राफर होता. आपल्या बागेतली कोळपणी सोपी व्हावी म्हणून त्यानं मोटरसायकलचे भाग वापरून एकचाकी मोटर-नांगर बनवला आणि १९१६ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्याच काळात ऑस्ट्रेलियात आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड आणि स्वित्झर्लंडमध्ये कॉनरॅड फॉन मेयेनबुर्ग हे दोघं, एकमेकांपासून हजारो मैलांवर, फिरत्या पात्यांनी माती फोडायच्या खटपटीत होते. आज कोकणातल्या भाताच्या खाचरांत पॉवर टिलर चालतो, त्याच्यामागे हीच कल्पना आहे. आपल्याकडे तो जपानी नमुन्यांवरून आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहराबाहेर घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक घरापुढे हिरवळ आली. इथं विस्कॉन्सिनचं नाव घ्यावंच लागतं. मिलवॉकीत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर गावी कोहलर, पोर्ट वॉशिंग्टनला बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी, ब्रिलियनला एरियन्स, रसीनला जेकबसेन, होरिकनला जॉन डिअर. काही तासांच्या टापूत एवढे कारखाने! आपल्याकडे किर्लोस्करवाडी, सातारा रोड, कोल्हापूर या पट्ट्यात ओतकामाचं आणि इंजिनांचं जे वातावरण तयार झालं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा मुलूख परका वाटणार नाही. विस्कॉन्सिनबाहेर इंडियानातल्या साउथ बेंडला १९४६ साली व्हील हॉर्स सुरू झाली. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९६१ सालासाठी कब कॅडेट बाजारात आणला. त्याचं मागचं घर त्यांच्या शेतीच्या छोट्या ट्रॅक्टरवरूनच घेतलेलं होतं. १९६३ साली जॉन डिअर ११० आला. या दोन्हींच्या पहिल्या नमुन्यांत कोहलरचं सात अश्वशक्तीचं, ओतीव लोखंडी ब्लॉकचं एका सिलिंडरचं इंजिन होतं.

संग्राहक १९५५ ते १९७५ या वीस वर्षांना सुवर्णकाळ म्हणतात. लोखंडाच्या जाडीपुरतं मला ते मान्य आहे. पण ब्रिग्ज अँड स्ट्रॅटननं १९५३ साली ओतीव ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन आणलं, त्याला या मंडळींकडून जी नावं ठेवली जातात ती मला पटत नाहीत. त्या इंजिनामुळे कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाला मोअर परवडला. ऑस्ट्रेलियात १९५२ साली मर्विन व्हिक्टर रिचर्डसननं आपल्या गॅरेजमध्ये पहिला व्हिक्टा जोडला, तेव्हा त्याची पेट्रोलची टाकी म्हणजे पीचच्या फोडींचा रिकामा डबा होता. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात हे मोअर मैदानात उतरले, आणि ते पाहणाऱ्या सगळ्या देशाला त्याचा अर्थ कळला. स्वस्त यंत्रालाही इतिहास असतो, आणि या पुस्तकात त्याला जागा आहे.

आता यंत्राच्या पोटात शिरू, कारण छंदाचं खरं आकर्षण तिथं आहे. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांच्या मधल्या खाचेत मऊ धातूची एक चावी बसवलेली असते, करंगळीच्या नखाएवढी. मोअरचं पातं दगडावर किंवा झाडाच्या मुळावर आदळलं की ती कापली जाते आणि क्रँकशाफ्ट पुष्कळदा वाचतो. काही रुपयांची वस्तू जाते, हजारांची राहते. पण चावी अर्धवटच कापली गेली तर फ्लायव्हील तांदळाच्या दाण्याएवढं सरकतं, त्यातलं चुंबक कॉइलसमोर अवेळी येतं आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, तरी इंजिन सुरू होत नाही. नवशिका कारबेटर चार वेळा खोलतो, प्लग बदलतो, वैतागून यंत्र विकून टाकतो. माझ्या शेडमधली निम्मी यंत्रं अशा वैतागलेल्या माणसांकडूनच आलेली आहेत. एकदा चावीचं हे गणित कळलं की 'ठिणगी पडते' आणि 'ठिणगी वेळेवर पडते' या दोन वाक्यांतलं अंतर कळतं, आणि मग कुठल्याही इंजिनाकडे बघण्याची नजर बदलते.

जुन्या कोहलरमध्ये ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटमधलं अंतर इंचाचे वीस हजारांश लागतं. तेवढ्या जाडीचं गेज आत घालून ओढताना लोण्यातून सुरी निघावी असा हलका अडसर जाणवला पाहिजे. हा अडसर लिहून सांगता येत नाही. मी या पुस्तकात प्रयत्न केला आहे, पण वाचकानं हातात गेज घेतल्याशिवाय तो पुरा होणार नाही. तो अडसर ओळखणारी माणसं कमी होत चालली आहेत, आणि त्यांच्या बोटांतलं हे ज्ञान निदान ज्या कामांत उतरवता येईल त्या कामांपुरतं उतरवून ठेवावं, यासाठी मी हे पुस्तक लिहिलं.

या छंदात मतभेद आहेत आणि ते मनापासूनचे आहेत. काहींना यंत्र कारखान्यातून निघालं त्या दिवशी जसं होतं तसं हवं असतं. पत्रा घासून, मूळ छटेचा रंग मिळवून, चिकटपट्ट्या नव्यानं छापून, बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्या काळातली शोधून. १९६९ साली जॉन डिअरनं काही गार्डन ट्रॅक्टर हिरव्याऐवजी पांढऱ्या अंगाचे आणि निळा, पिवळा, तांबडा, नारिंगी अशा झाकणांचे काढले होते. ते फारसे खपले नाहीत, कित्येकांना पुढे हिरवा रंग दिला गेला. आज हिरव्या थराखाली नारिंगी सापडला की ही मंडळी सणासारखी आनंदतात. दुसऱ्यांचं म्हणणं असं की उन्हानं विटलेला रंग, सीटवरची झीज, हातानं गुळगुळीत झालेली मूठ हाच यंत्राचा जन्मदाखला. तेल-पाणी करा, चालतं करा, पण पत्र्याला हात लावू नका. तिसरे यंत्राला कामालाच जुंपतात. त्यांच्याकडचा चाळीस वर्षांचा ग्रेव्हली आजही बर्फ काढतो, आणि नवं बेअरिंग मूळ कंपनीचं आहे की नाही याची त्यांना फिकीर नसते. यांखेरीज इंजिन वाढवून ओढगाडीच्या स्पर्धा खेळणारे आहेत, आणि इंग्लंडात १९७३ पासून मोअरच्या शर्यती लावणारेही आहेत. त्यांच्याबद्दल मी थोडक्यात लिहिलं आहे, तो माझा विषय नव्हे.

मी पहिल्या गटात होतो. एका व्हील हॉर्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या होत्या. दर शरद ऋतूत तेल बदलल्याची एक ओळ, मधूनच नवा पट्टा, एकदा नुसतं 'उशीर झाला'. जवळपास वीस ओळी, आणि शेवटच्या काही ओळींचं अक्षर वेगळं, बहुधा पुढच्या पिढीचं. मी त्या वाचल्या, मला त्या आवडल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते झाकण वाळूच्या माऱ्याला दिलं, कारण आत गंज होता. रंग उत्तम लागला. जत्रेत मांडलं तेव्हा लोक थांबून पाहत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "आत काही लिहिलेलं होतं का? पुष्कळजण लिहायचे." मला 'होतं' म्हणायला फार वेळ लागला. तेव्हापासून मी घासण्याआधी फोटो काढतो, मापं घेतो, आणि जिथं गंज पत्रा खात नसेल तिथं घासतच नाही. या पुस्तकात रंगाचं काम शेवटी येतं आणि थोड्या पानांत उरकतं, त्याचं कारण हे आहे.

आताच हे पुस्तक का, याचं उत्तर काही अंशी पेट्रोल पंपावर आहे. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, भारतात ते प्रमाण आता वीस टक्क्यांवर गेलं आहे. इथेनॉल ओलावा धरतं, जुनं रबर फुगवतं, आणि हिवाळाभर टाकीत राहिलं तर कारबेटरच्या बारीक छिद्रांत हिरवट साय धरते. गावाकडून ज्यांचे फोन येतात त्यांच्या जुन्या स्कूटरची आणि रॉकेल-पेट्रोलच्या पंपाची तक्रार माझ्या मोअरच्या तक्रारीपेक्षा वेगळी नसते. टेकम्सेसारख्या मोठ्या कंपनीनं २००८ साली इंजिनं बनवणं थांबवलं, आणि मूळ सुटे भाग दर वर्षी दुर्मीळ होत आहेत. शिवाय, विकत घेतलेलं यंत्र उघडण्याचा हक्क मालकाला आहे की नाही, यावर आज कायदेमंडळांत वाद चालू आहेत. कोलोरॅडो राज्यानं २०२३ साली शेतीच्या यंत्रांसाठी हा हक्क कायद्यानं दिला. १९६५ च्या माझ्या ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पॉइंट कसे बसवायचे याची आकृती होती. मालकाला हात आहेत, हे त्या पुस्तिकेनं गृहीत धरलं होतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ही इंजिनं धूर फार सोडतात. कॅलिफोर्नियानं २०२४ पासून अशा नव्या लहान पेट्रोल इंजिनांच्या विक्रीवर निर्बंध आणले, ते मला योग्य वाटतं. माझं रोजचं अंगण मी बॅटरीवरच्या मोअरनं कापतो. जुनी यंत्रं महिन्यातून एकदा फिरतात, फिरली नाहीत तर जाम होतात म्हणून.

सुरक्षेबद्दल मी वारंवार आणि कठोरपणे लिहिलं आहे. जुन्या पॅकिंगमध्ये आणि ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, जुन्या रंगात शिसं. मूठ सोडली की तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे, हा नियम अमेरिकेत ढकलायच्या मोअरना १९८२ पासून लागू झाला. त्याआधीच्या यंत्राचं पातं फिरतच राहतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढायची पद्धत उत्तम आहे, पण त्यात स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं तयार होतात. आणि पात्याखाली हात घालण्यापूर्वी प्लगची वायर काढायची. प्रत्येक वेळी.

भाषेविषयी एक खुलासा. गास्केटला मी पॅकिंग म्हटलं आहे, वॉशरला वायसर, थ्रेडना आटे. कारबेटर, पिष्टन, रिंगा हे शब्दही आमच्या गावच्या मिस्त्रींच्या तोंडी होते तसेच ठेवले आहेत. कोशातले प्रतिशब्द मी आधी वापरून पाहिले होते. तो मसुदा मी एका फिटरला वाचून दाखवला तेव्हा तो भिडस्तपणे गप्प बसला, आणि मी सगळं पुन्हा लिहिलं. किमतींचे तक्ते यात नाहीत. कोणतं यंत्र गुंतवणूक म्हणून घ्यावं हेही नाही. एखाद्या कंपनीचा संपूर्ण इतिहास हवा असेल तर तोही इथं मिळणार नाही. एक जाम झालेलं इंजिन समोर आहे, हातात मोजकी हत्यारं आहेत आणि कोणी शिकवणारं नाही, अशा माणसाच्या शेजारी बसून बोलावं तसं बोलण्याचा हा प्रयत्न आहे. म्हणून यातला क्रम कामाचा आहे: आधी पाहणं, मग ऐकणं, मग उघडणं.

मुखपृष्ठावर जे हँडल आहे ते कुठल्याही अमेरिकन ट्रॅक्टरचं नाही. त्यांतले बहुतेक किल्लीनं नाहीतर दोरीनं सुरू होतात. मळ्यात वीज आली तेव्हा काकांनी इंजिन विकलं आणि घेणाऱ्यानं ते तोडून वजनावर नेलं. विहिरीच्या काठावर काँक्रीटच्या ओट्यात त्याचे चार बोल्ट अजून उभे आहेत. गेल्या वर्षी गेलो तेव्हा त्यांच्यावर डिझेल सोडून ठेवलं, तिसऱ्या दिवशी त्यातला एक नट फिरला. हँडल मात्र काकांनी दिलं नव्हतं. ते त्यांच्या खोलीत दाराआड उभं होतं, मुठीवर तेलाचा हात फिरवलेला, आणि त्याला गंज नव्हता.